मेसच्या मागच्या दारी

मुलीला विद्यापीठात प्रवेश मिळाला की वसतिगृह पाहायला आपण हमखास जातो. खोलीत ऊन येतं का, पाणी किती वेळ असतं, सोबतीण कुठली, सगळं विचारून घेतो. मैत्रिणींनो, यंदा आणखी एक काम करा. मेसच्या मागच्या दारी जा आणि उष्ट्याचं पिंप कुठे रिकामं होतं ते विचारा.

‘हरित परिसर’ असा फलक फाटकाशी असेल, ५ जूनला लावलेल्या रोपांचे फोटोही असतील. असू देत. खरी गोष्ट त्या पिंपात कळते. पाचशे मुलींच्या मेसमध्ये एकेकीने दिवसाला फक्त १०० ग्रॅम अन्न टाकलं, तरी ५० किलो झालं की हो! आपण ‘रात्री किती पानं?’ हे विचारल्याशिवाय कुकर लावत नाही. तिथे मात्र शनिवारी निम्म्या मुली घरी गेल्या तरी भात तेवढाच शिजतो, कारण आचाऱ्याला कुणी सांगतच नाही. आदल्या रात्री फळ्यावर नावं लिहिली तर एवढं पुरतं. आणि पहिल्यांदा अर्धाच डाव वाढायचा, हवं तर पुन्हा मागू दे.

एवढं करूनही खरकटं उरणारच. ते कचराडेपोवर ढिगाखाली कुजलं की त्यातून मिथेन निघतो, आणि हवा तापवायला तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी पट जहाल. पण हाच वायू टाकीत धरला तर शेगडीवर जळतो! पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ संस्थेने प्लास्टिकच्या दोन टाक्या एकीत एक उपडी बसवून खरकट्यावर चालणारं छोटं गॅससंयंत्र केलं. त्याला २००६ साली अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. शेणातलं सत्त्व जनावराने आधीच घेतलेलं असतं. शिळा भात, कणीक यांत ते शाबूत असतं, म्हणून गॅस जास्त आणि लवकर मिळतो. मोठ्या मेससाठी भाभा अणुसंशोधन केंद्राचं ‘निसर्गऋण’ संयंत्र आहे. उरलेला गाळ बागेला खत म्हणून चालतो.

मात्र संयंत्र आहे म्हटल्यावर लगेच भुलू नका. ते चालू आहे का, रोज त्याला खाऊ कोण घालतं, हे विचारा. त्यात प्लास्टिकचा चमचा, हाडं, नारळाची करवंटी गेली की कारभार आटोपला. म्हणजे वेगळं काढायचं काम ताट ठेवणाऱ्या मुलीचंच. मागाहून ते पिंपात हात घालून मोरीवरच्या मावशींनी का करावं?

‘हे आमच्याकडे नाही हो बसत’ असं कुणी म्हणालं, तर सांगा की केंद्र सरकारच्या २०१६ च्या घनकचरा नियमांतच पाच हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या संस्थांनी ओला कचरा शक्यतो आपल्याच आवारात जिरवावा, असं घातलं होतं. विद्यापीठाला पाच हजार मीटर म्हणजे काय, एक कोपरा!

पालकसभेत फीबरोबर हाही विषय काढा. तोवर आठवडाभर पिंपाचं वजन रोज लिहून ठेवायला मुलींना सांगा. काटा मेसच्या कोठीत असतोच.