ट्विटरला एडिट बटण द्यायला १६ वर्षं का लागली?

घाईत ट्वीट केलं आणि वेलांटी चुकली, तर? अनेक वर्षं दोनच पर्याय होते: चूक तशीच ठेवायची किंवा ट्वीट डिलीट करायचं. म्हणूनच एडिट बटण द्या, अशी मागणी युजर्स सतत करत होते.

२००६ मध्ये ट्विटर सुरू झालं ते एसएमएसच्या धर्तीवर. पाठवलेला एसएमएस परत घेता येत नाही. हेच कारण देत सहसंस्थापक जॅक डॉर्सी यांनी, हे बटण बहुधा कधीच येणार नाही, असं २०२० मध्ये सांगितलं होतं.

दुसरी अडचण रीट्वीटची. समजा, रक्तदान शिबिराचं ट्वीट हजारो लोकांनी रीट्वीट केलं आणि नंतर मूळ लेखकानं त्यात द्वेषाचा मजकूर घातला. तर तो त्या सगळ्यांच्या नावावर फिरेल.

अखेर ऑक्टोबर २०२२ मध्ये कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या पैसे भरणाऱ्या युजर्सना बटण मिळालं, पण अटींसह. तेव्हा ट्वीट ३० मिनिटांतच बदलता येणार होतं, त्यावर एडिटची खूण दिसणार आणि आधीचा मजकूरही कुणालाही वाचता येणार. म्हणजे वेलांटी सुधारता येईल, पण आधी काय लिहिलं होतं ते लपवता येणार नाही.