मैना म्हणजे कोण?

यंदा गणपतीच्या कार्यक्रमात जेवणाआधीचा पाऊण तास "काहीतरी घ्या" म्हणून माझ्या गळ्यात पडला. वाखनिंगनमध्ये आपली मराठी घरं मोजकीच. त्यात माती, बियाणं, दूधदुभतं असलं काहीबाही शिकायला विद्यापीठात आलेली मुलं, आणि भारतातून तीन महिन्यांसाठी आलेले कुणाकुणाचे आईवडील. या सगळ्यांना एकत्र खेळता येईल असं काय घ्यावं? शेवटी प्रश्नमंजुषा ठरली. विषय माझ्या पंधरा वर्षांच्या लेकीने दिला: स्वतः गाणं लिहून स्वतःच गाणारे गायक, आणि त्यांच्या गाण्यांमागच्या गोष्टी.

तासाभरात तिने दहा प्रश्न काढले. डॉन मॅक्लीनने १९७१ साली आलेलं 'व्हिन्सेंट' कोणत्या डच चित्रकारावर लिहिलं? एरिक क्लॅप्टनच्या 'टिअर्स इन हेवन'मागे कोणतं दुःख आहे? (१९९१ साली त्याचा चार वर्षांचा मुलगा न्यूयॉर्कमध्ये उंच इमारतीच्या खिडकीतून पडून गेला.) प्रश्न चांगले होते, पण दहाही इंग्रजी गाण्यांवर.

"मराठी एकही नाही?" मी विचारलं.

"बाबा, मराठीत लिहिणारा वेगळा, चाल लावणारा वेगळा आणि गाणारा तिसराच असतो ना? एक संदीप खरे सोडला तर."

तिची चूक नव्हती. आमच्या घरी वाजतं ते भावगीत. शब्द गदिमांचे, चाल बाबूजींची, अशी जोडीनेच नावं घ्यायची आपली सवय. पण रेडिओ आणि तबकड्या येण्याच्या कितीतरी आधीपासून आपल्याकडे स्वतः रचून, स्वतः डफावर थाप मारून गाणारा माणूस होता. त्याला आपण शाहीर म्हणतो. मग आम्ही बापलेक चार रात्री बसलो आणि दुसरे दहा प्रश्न काढले. त्यांतले काही इथे देतो.

इंग्रजी 'बॅलड'ला मराठीत काय म्हणतात?

पोवाडा. हे माझं म्हणणं नाही. हॅरी आर्बुथनॉट ॲकवर्थ या इंग्रज अधिकाऱ्याने शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासोबत गावोगावचे पोवाडे गोळा करून १८९१ मध्ये छापले. पुढे १८९४ मध्ये त्यांतल्या काहींचं इंग्रजी रूपांतर केलं, त्याचं नाव 'बॅलड्स ऑफ द मराठाज'. हा ॲकवर्थ मुंबईचा म्युनिसिपल कमिशनर होता. वडाळ्याचं ॲकवर्थ कुष्ठरोग रुग्णालय त्याच्याच नावाचं. मुंबईत जन्म गेलेल्यांनाही हा दुवा ठाऊक नव्हता.

त्या संग्रहातला सर्वांत जुना पोवाडा अफजलखानाच्या वधाचा. रचणारा अगिनदास, ज्याला अज्ञानदासही म्हणतात. शेवटी त्याने स्वतःचं नाव गुंफलं आहे. ही शाहिरांची पद्धतच. कागद नाही, छापखाना नाही. मग गाणं आपलं आहे हे जगाला कळणार कसं? नाव गाण्यातच ओवून टाकायचं, म्हणजे गाणारा कुणीही असो, रचणाऱ्याचं नाव त्याच्या तोंडी येणारच.

होनाजी बाळा हा कुठला?

हा फसवा प्रश्न. चारपैकी तीन गट फसले. होनाजी बाळा ही दोन माणसं. होनाजी शिलारखाने रचायचा आणि बाळा कारंजकर गायचा. 'घनश्याम सुंदरा' ही भूपाळी एखाद्या संताची असेल अशी आपली समजूत असते. ती या लावणीकाराच्या नावावर आहे. व्ही. शांताराम यांचा 'अमर भूपाळी' (१९५१) त्याच्यावरच निघाला.

पठ्ठे बापूरावांचं मूळ नाव काय?

श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, गाव रेठरे हरणाक्ष, तालुका वाळवा. गावचं कुलकर्णीपण आणि सोवळं सोडून हा माणूस तमाशात गेला आणि पवळा या महार समाजातल्या कलावतीबरोबर त्याने फड गाजवला. त्या काळी हे केवढं धाडस होतं ते सांगायला नको. लावण्या घरोघर गेल्या; बापूराव मात्र १९४५ मध्ये पुण्यात हलाखीत वारले.

वामनदादा कर्डक लिहायला-वाचायला कधी शिकले?

मोठेपणी. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा मुंबईत कामगार वस्तीत राहत होते. एकाने गावाकडून आलेलं पत्र त्यांच्यापुढे धरलं, "जरा वाचून दाखवा." अंगावर चांगले कपडे, त्यामुळे त्याला वाटलं हा शिकलेला. वामनदादांना अक्षर येत नव्हतं. त्या शरमेने ते रडले आणि मग जिद्दीने बाराखडी शिकले. पुढे याच माणसाने आंबेडकरी चळवळीची हजारो गाणी रचली आणि गावोगाव गायली. हे उत्तर सांगितल्यावर खोलीत कुणी बोललं नाही. पत्र वाचता न येणं म्हणजे काय, हे घरापासून लांब राहिलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

वाखनिंगनचा आणि अण्णाभाऊ साठ्यांचा संबंध काय?

सरळ संबंध नाही, म्हणून हा बोनस प्रश्न. आपल्या गावातल्या 'हॉटेल दे वेरेल्ड'मध्ये ५ मे १९४५ रोजी नेदरलँड्समधल्या जर्मन फौजांच्या शरणागतीची बोलणी झाली. दर पाच मेला आपण तिथल्या गर्दीत फ्रिट्स खात गाणी ऐकतो ती त्यामुळेच. याच युद्धावर तिकडे मुंबईत एका मजुराने पोवाडा रचला होता: 'स्टॅलिनग्राडचा पोवाडा'. ते अण्णाभाऊ. जन्म १९२०, वाटेगावचा. म्हणजे बापूरावांच्याच वाळवा तालुक्यातला. मातंग समाजात जन्म, शाळा जेमतेम दीड दिवसाची. लहानपणी वडिलांबरोबर गावाहून मुंबईपर्यंत पायी गेले, पडेल ती मजुरी केली, गिरणीत राबले. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक काढलं. (उपप्रश्न: अमर शेख यांचं मूळ नाव? बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल.) १९६१ मध्ये अण्णाभाऊ खरोखरच रशियाला जाऊन आले आणि त्यावर पुस्तक लिहिलं. राहायला मात्र घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडपट्टीतच होते.

'माझी मैना' या छकडीतली मैना कोण?

हा शेवटचा प्रश्न, सर्वांत जास्त गुणांचा. गाणं आधी स्पीकरवर लावलं. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातली ही छक्कड. पोटासाठी मुंबईला आलेला गडी गावी राहिलेल्या बायकोच्या आठवणीने व्याकूळ झाला आहे. तिचं रूप, निघतानाची तिची अवस्था, मग मुंबईचा झगमगाट आणि त्यात त्याचे रिकामे हात. ऐकता ऐकता गाणं वळतं आणि मैना नुसती बायको राहत नाही. बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव असा जो मराठी मुलूख महाराष्ट्राबाहेर राहत होता, तो म्हणजे मैना. १ मे १९६० ला राज्य झालं, पण या गाण्यातली ताटातूट संपली नाही. बेळगावचे दोघेजण समोरच बसले होते, त्यांनी माना डोलावल्या.

कार्डावर उत्तर लिहिलं होतं: 'महाराष्ट्राबाहेर राहिलेला मराठी भाग'. पण कुठल्या गटाने घंटी वाजवायच्या आतच मागून आवाज आला, "मैना म्हंजी आमच्या सासूबाई."

लेकीच्या बाळंतपणासाठी आलेल्या, सातारकडच्या काकू होत्या त्या. सगळे हसले. काकू हसल्या नाहीत. म्हणाल्या, "सासरे लालबागला गिरणीत. गाळ्यात वीस माणसं, बायको ठेवणार कुठं? तीस वर्षं सासूबाई गावी. गौरी-गणपतीला आणि जत्रेला सासरे यायचे. मनिऑर्डर आली की सासूबाई पोस्टमनला बसवून आधी खालचा मजकूर वाचून घ्यायच्या, मग पैसे मोजायच्या. हे गाणं लागलं की चूल सोडून दारात येऊन उभ्या राहायच्या. बोलायच्या काही नाहीत."

लेकीने माझ्याकडे पाहिलं. परीक्षक तीच होती. तिने कार्ड खाली ठेवलं आणि काकूंना पूर्ण गुण दिले. काकू कुठल्याच गटात नव्हत्या, हा आक्षेप कुणी घेतला नाही.

जेवताना तो विषय पुढे चालला. एका घरचे डच जावई म्हणाले, "असं गाणं आमच्याकडेही आहे." विम सोनेव्हेल्डचं 'हेट डॉर्प', म्हणजे 'गाव'. जुनं गाव बदलून गेल्याची हुरहूर. शब्द फ्रिसो विखर्स्मा यांचे, त्यांचं गाव ब्राबांटमधलं डॉयर्ने. चाल मात्र फ्रेंच: जाँ फेरा या गायकाने स्वतः लिहून गायलेलं 'ला मोंतान्य', डोंगरातली तरुण पोरं शहराकडे निघून चालल्याचं गाणं. म्हणजे गाव सोडल्याचं गाणंसुद्धा एका देशातून दुसऱ्या देशात गेलं आणि तिथलंच झालं.

मंडळी, एक विनंती. पुढच्या वर्षीचे प्रश्न मी पुस्तकातून काढणार नाही. दिवाळीला घरी फोन कराल तेव्हा फराळाची चौकशी झाली की एवढं विचारा: आजी-आजोबा कोणतं गाणं म्हणायचे, आणि का? जे कळेल ते लिहून माझ्याकडे द्या. काकूंनी आपलं उत्तर आधीच दिलं आहे. ते कार्ड लेकीने डब्यात सर्वांत वर ठेवलंय. छापील उत्तराखाली तिच्या अक्षरात एक ओळ वाढली आहे: 'किंवा काकूंच्या सासूबाई.'