गुंतवणूक विकणाऱ्याचे कमिशन आणि कायद्याची मर्यादा

सौदा जमला तरच दलाली, ही बाजाराची जुनी रीत. काम पुरे झाल्यावरच देय होणाऱ्या अशा मोबदल्याला फिक्‌हमध्ये ‘जुआला’ म्हणतात. शाफिई फकीह तो मान्य करतात, हनफी बहुतांशी करीत नाहीत. (कोकणी मुसलमान शाफिई व दख्खनचे बहुतेक हनफी, हा तपशील येथे ध्यानात घ्यावा.) भारतीय कायदा मात्र वेगळा प्रश्न विचारतो: विकले काय जात आहे?

म्हैस विकून देणाऱ्याने टक्केवारी घेतली, तरी गिऱ्हाईक जनावर डोळ्यांनी पाहते. शेअरमध्ये केवळ उद्याचे वचन असते. ते जितके रंगवावे तितके कमिशन वाढते. म्हणून कंपनी कायदा, २०१३ चे कलम ४०(६) कमिशनला वाव देते, पण २०१४ च्या नियमांनी त्याला कुंपण घातले आहे: शेअरच्या विक्रीमूल्याच्या ५ टक्के, डिबेंचरवर २.५ टक्के, कंपनीच्या नियमावलीत याहून कमी दर असेल तर तोच लागू.

खासगी वाटपाची गोष्ट आणखी कडक आहे. कलम ४२ नुसार असा प्रस्ताव ठरावीक निवडक व्यक्तींपुढेच ठेवता येतो, आणि त्याची माहिती सर्वसाधारण लोकांपर्यंत पोहोचविण्यासाठी जाहिरात, वितरण-यंत्रणा किंवा एजंट वापरता येत नाही. म्हणजे येथे प्रश्न कमिशनच्या दराचा नाही. एजंट नेमून तो प्रस्ताव गावभर फिरविणेच निषिद्ध आहे. शिक्षक-कक्षात फॉर्म घेऊन फिरणाऱ्या सहकाऱ्याला हे बहुधा ठाऊक नसते.

म्युच्युअल फंडांत सेबीने १ ऑगस्ट २००९ पासून प्रवेश-आकार बंद केला. तरीही कंपन्या विक्रेत्याला विक्रीच्या वेळी एकरकमी कमिशन देत होत्या. तेही ऑक्टोबर २०१८ च्या परिपत्रकाने थांबले. आता गुंतवणूक टिकेल तसा मोबदला मिळत राहतो. एका योजनेतून काढून दुसरीत टाकण्याचा मोह त्यामुळे कमी होतो, आणि खरा सुधार हाच आहे.

अनियंत्रित ठेव योजनांवरील २०१९ च्या बंदी कायद्यात, जाणूनबुजून खोटे वचन देऊन इतरांना अशा योजनेत ओढणाऱ्याला १ ते ५ वर्षे कैद व १० लाखांपर्यंत दंड आहे. योजनेला ‘हलाल नफा’ म्हटल्याने यातून सुटका नाही. माणसे जोडल्यावर पैसे मिळतील, असे सांगणाऱ्या साखळीला १९७८ चा बंदी कायदा लागतो. त्यात योजना चालविणेच नव्हे, तीत सभासद म्हणून सामील होणेही गुन्हा ठरविले आहे.