विश्लेषण : मोठ्या मापात धावण्याचे कपडे मिळणे इतके अवघड का?

जानेवारीतील मुंबई मॅरेथॉनचा सराव पावसाळा ओसरता ओसरता सुरू होतो. शिवाजी पार्क, मरीन ड्राइव्ह, पुण्यातील टेकड्या अशा ठिकाणी पहाटे धावणाऱ्यांत महिला मोठ्या संख्येने दिसतात. त्यांतील अनेक जणी वजन, मधुमेह किंवा रक्तदाबामुळे डॉक्टरांनी ‘हालचाल वाढवा’ सांगितल्यावर बाहेर पडलेल्या असतात. मात्र ज्यांना धावायला सांगितले जाते, त्यांच्याच मापाचे कपडे क्रीडासाहित्याच्या दुकानात सर्वांत कमी असतात. महिलांच्या विभागात ‘डबल एक्सएल’च्या पुढचे काही सापडलेच तर बहुधा काळ्या रंगातील एखादा नग. हा केवळ फॅशनचा प्रश्न नाही. कपडा चुकला तर त्वचा सोलवटते, छाती दुखते आणि पंधरा दिवसांत धावणे बंद पडते.

हा प्रश्न किती जणींचा?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील २४ टक्के महिला जादा वजनाच्या किंवा स्थूल या गटात मोडतात. चौथ्या फेरीत हे प्रमाण २०.६ टक्के होते. म्हणजे जवळपास दर चार जणींत एक. यांतील प्रत्येकीला मोठेच माप लागते असे नाही, आणि मोठे माप लागणारी प्रत्येक स्त्री स्थूल असते असेही नाही. रुंद खांदे, भरलेली छाती किंवा बाळंतपणानंतर बदललेला बांधा हीदेखील कारणे असतात. तरीही ग्राहक थोडे आहेत म्हणून माल नाही, हे दुकानदारांचे उत्तर या आकड्यापुढे टिकत नाही.

यावर सर्रास शोधला जाणारा तोडगा म्हणजे पुरुषांच्या विभागातील टी-शर्ट आणि ट्रॅक पँट. तो अर्धवटच चालतो. खांदे ओघळतात, बाह्या कोपराशी घासतात आणि नितंबांवर मात्र तोच टी-शर्ट अडकून वर सरकतो. अनेक शर्यतींत मिळणारे टी-शर्टही ‘सर्वांसाठी एकच’ बेतावर, म्हणजे प्रत्यक्षात पुरुषांच्या बेतावर शिवलेले असतात.

मापांचा गोंधळ कुठून आला?

‘एल’ किंवा ‘एक्सएल’ या अक्षरांना भारतात एकच ठरलेला अर्थ नाही. आपल्याकडील तयार कपड्यांची मापे मुख्यतः अमेरिका आणि ब्रिटनच्या तक्त्यांवर बेतलेली आहेत आणि प्रत्येक कंपनी त्यांत आपल्या परीने फेरफार करते. त्यामुळे एका कंपनीची एक्सएल दुसरीच्या एलपेक्षा घट्ट निघू शकते. ट्रायल रूममध्ये स्वतःच्या शरीराला दोष देत बाहेर पडणाऱ्या महिलेची चूक बहुतेक वेळा नसतेच. चूक तक्त्याची असते. यावर उपाय म्हणून राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने (निफ्ट) ‘इंडियासाइज’ हा प्रकल्प हाती घेतला. मुंबई, दिल्ली, कोलकाता, बंगळूरु, हैदराबाद आणि शिलाँग या सहा शहरांतील १५ ते ६५ वयोगटातील २५ हजारांहून अधिक व्यक्तींची मापे त्रिमितीय स्कॅनरने घेऊन भारतीय बांध्यांचा तक्ता तयार करणे हा त्याचा हेतू. असा तक्ता बाजारात रुळेपर्यंत अक्षरावर नव्हे, सेंटीमीटर किंवा इंचावर विसंबणे शहाणपणाचे.

कंपन्या मोठे माप का टाळतात?

कारखान्यात प्रत्येक मापासाठी नवा बेत काढला जात नाही. मधल्या मापाचा एक मूळ बेत काढतात आणि तो ठरावीक फरकाने वाढवत-घटवत नेतात. या कामाला ‘ग्रेडिंग’ म्हणतात. लहान मापांत हे जमते. ठरावीक टप्प्यानंतर मात्र गणित बिघडते, कारण शरीर सगळीकडे सारखे वाढत नाही. कंबर दहा सेंटीमीटरने वाढली म्हणून मनगट किंवा खांदा त्या प्रमाणात वाढत नाही. दोन महिलांच्या कमरेचे माप एकच असले, तरी एकीचे वजन पोटावर तर दुसरीचे मांड्यांवर असते. मूळ बेत नुसता फुगवला तर गळा पसरतो, काखेपाशी कापडाचा बोळा होतो आणि लेगिंगची कंबर पोटावरून घरंगळते. बरे बसणारे मोठे माप हवे तर वेगळा मूळ बेत हवा आणि त्याच बांध्याच्या महिलेच्या अंगावर तो तपासायला हवा. याला खर्च येतो. कापड जास्त लागते, हे कंपन्या सांगतात ते कारण त्यामानाने किरकोळ आहे.

कापडाचाही प्रश्न आहे. लायक्रासारखा ताणला जाणारा धागा १९५८ मध्ये ‘ड्युपॉन्ट’ कंपनीत विकसित झाला आणि खेळाचे कपडे बदलले. पण हे कापड मर्यादेपलीकडे ताणले की विरळ होऊन पारदर्शक दिसते. ‘लुलुलेमन’ या कॅनेडियन कंपनीवर २०१३ मध्ये नेमका हाच आरोप झाला. तेव्हा संस्थापक चिप विल्सन यांनी दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत काही महिलांच्या शरीराला त्या पँट मानवत नाहीत, असा सूर लावला. टीकेची झोड उठली आणि त्यांना अध्यक्षपद सोडावे लागले. त्याच कंपनीने २०२० मध्ये आपली मापे २० क्रमांकापर्यंत वाढवण्याचे जाहीर केले. ‘नायकी’ने महिलांसाठी मोठ्या मापांची मालिका २०१७ मध्ये आणली, २०१९ मध्ये लंडनच्या दुकानात तिने जाड बांध्याचा पुतळा उभा केला, तर एका वृत्तपत्रीय स्तंभातून ‘ही बाई धावूच शकणार नाही’ अशी टीका झाली. त्यावर तशाच बांध्याच्या, मॅरेथॉन पूर्ण केलेल्या अनेक महिलांनी उत्तरे दिली.

सर्वांत महत्त्वाचा कपडा कोणता?

अर्थातच स्पोर्ट्स ब्रा. बुटांवर सात-आठ हजार रुपये घालणाऱ्या महिलाही येथे हात आखडता घेतात. स्तनांत स्नायू नसतात. त्यांना आधार असतो तो त्वचेचा आणि आतील नाजूक तंतूंचा. धावताना स्तन केवळ वर-खाली होत नाहीत, तर आजूबाजूला आणि पुढे-मागेही हलतात. इंग्रजी आठच्या आकड्यासारखी ही गती ब्रिटनमधील पोर्ट्समथ विद्यापीठाच्या संशोधकांनी नोंदवली आहे. २०१२ च्या लंडन मॅरेथॉनमधील सुमारे १४०० महिलांच्या पाहणीत ३२ टक्के जणींनी स्तनांत वेदना होत असल्याचे सांगितले आणि मोठ्या कपच्या महिलांत हे प्रमाण अधिक होते.

महिलांसाठीची ही सोय आली फार उशिरा. १९७७ मध्ये अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यात लिसा लिंडाल, पॉली स्मिथ आणि हिंडा मिलर यांनी पुरुष खेळाडू वापरतात ते दोन जॉकस्ट्रॅप एकमेकांना शिवून पहिली ‘जॉगब्रा’ तयार केली. ऑलिम्पिकमध्ये महिलांची मॅरेथॉन सुरू व्हायला त्यानंतरही सात वर्षे लागली.

स्पोर्ट्स ब्राचे ढोबळमानाने दोन प्रकार. एक छातीवर दाबून बसणारी, डोक्यावरून घालायची. ती लहान मापाला पुरते. दुसरीत दोन्ही बाजूंना स्वतंत्र कप असतात आणि पाठीमागे हुक. मोठ्या छातीला दुसरा किंवा दोन्हींचा मेळ घातलेला प्रकारच लागतो. एस-एम-एल अशा अक्षरांत मिळणारी ब्रा येथे बहुधा निरुपयोगी. छातीखालचा घेर आणि कप ही दोन्ही मापे असलेली घ्यावी. मुख्य आधार खांद्याच्या पट्ट्यांचा नसून छातीखालच्या पट्ट्याचा असतो. खांद्यावर वळ उठत असतील तर खालचा पट्टा सैल आहे असे समजावे. दुकानातच दहा-बारा उड्या मारून पाहाव्यात. पट्टा वर सरकता कामा नये आणि श्वास कोंडता कामा नये. लाजण्यासारखे त्यात काही नाही.

किमतीची आणखी एक गोम आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या कपड्यांवर ५ टक्के, तर त्यापुढील कपड्यांवर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. पक्क्या आधाराच्या परदेशी ब्रा अनेकदा ही मर्यादा ओलांडतात. कर कापडाचा प्रकार पाहत नाही, किंमत पाहतो.

घासणे आणि घाम यांवर काय उपाय?

मांड्या एकमेकींवर घासणे ही मोठ्या मापाच्या धावपटूंची पहिली तक्रार. आपल्याकडच्या दमट हवेत ती दुप्पट होते. सुती कपडा चांगला, हा समज येथे अडचणीत आणतो. सूत घाम पिऊन जड होते आणि ओलेच राहते. ओली त्वचा लवकर सोलवटते. स्तनांखाली, पोटाच्या घडीत आणि जांघेत ओल राहिली तर बुरशीचा संसर्ग होतो, मधुमेहींना तो धोका जास्त. पॉलिस्टर किंवा नायलॉनचे, घाम पृष्ठभागावर आणून वाळू देणारे कापड त्यासाठी बरे. सैल शॉर्ट्सपेक्षा मांडीच्या मध्यापर्यंत येणारे, अंगाला बसणारे शॉर्ट्स घालावेत. ते लाजिरवाणे वाटत असतील तर वरून सैल शॉर्ट्स किंवा लांब कुर्ती चालते. शिवणी चपट्या असाव्यात, दोन मांड्यांच्या मधोमध जाड शिवण नसावी. लांब अंतरासाठी घासणाऱ्या जागी आधीच पेट्रोलियम जेली लावावी.

बारामतीच्या शर्यतीत नऊवारीत, अनवाणी धावून जिंकलेल्या लता करे यांचे उदाहरण येथे हमखास दिले जाते. त्यांच्यावर २०२० मध्ये चित्रपटही आला. पण त्या पतीच्या उपचारांसाठी पैसे हवे म्हणून धावल्या होत्या. त्यावरून कपड्यांनी काही फरक पडत नाही, असा निष्कर्ष काढणे त्यांच्यावरही अन्याय करणारे आहे.

शिंपी मदत करू शकतो का?

काही अंशी. ताणले जाणारे कापड साध्या सरळ टिपेने शिवले तर पहिल्याच उडीत टाका तुटतो. त्यासाठी ओव्हरलॉक यंत्र असलेला शिंपी गाठावा. लेगिंगच्या कमरेला रुंद इलॅस्टिक आणि आतून नाडी घालणे, जांघेत चौकोनी ठिगळाची कळी बसवणे, पुरुषी टी-शर्टला बाजूंनी चिरा देणे ही कामे तो सहज करतो. ब्रा मात्र त्याच्याकडून शिवून घेण्याच्या भानगडीत पडू नये. ऑनलाइन खरेदी करताना छाती, छातीखालचा घेर, कंबर, नितंब आणि मांडी ही पाच मापे टेपने घेऊन तक्त्याशी ताडावीत आणि परत करण्याची मुदत आधी वाचावी. नवा कपडा शर्यतीच्या दिवशी प्रथमच घालू नये. किमान दोन लांब सरावांत तो घामाने भिजलेला असावा. धुताना मऊपणा आणणारे द्रव टाळावे, त्याने कापडाची घाम वाहून नेण्याची क्षमता कमी होते. आणि ब्राचा खालचा पट्टा शेवटच्या हुकावरही सैल वाटू लागला, की ती बदलण्याची वेळ झाली.