शर्यत कुत्र्यांची, कमाई पत्त्यांची

फ्लोरिडातल्या सेंट पीटर्सबर्ग शहरात डर्बी लेन नावाचा ग्रेहाऊंड जातीच्या कुत्र्यांच्या शर्यतींचा ट्रॅक १९२५ साली सुरू झाला. तिथली शेवटची शर्यत झाली २०२०च्या डिसेंबरअखेर. त्याच्या दोन वर्षं आधी, नोव्हेंबर २०१८मध्ये, फ्लोरिडाच्या मतदारांनी राज्यघटनेत दुरुस्ती करून या शर्यतींवर बंदी घातली होती. दुरुस्तीला ६० टक्के मतं लागत होती, मिळाली ६९ टक्के. अमेरिकेत त्या वेळी असे १७ ट्रॅक उरले होते, त्यांतले ११ एकट्या फ्लोरिडात. म्हणजे एका मतदानाने एका देशातला हा धंदा बहुतेक संपला.

तेव्हापासून एक वाक्य सतत कानावर येतं: प्राणिप्रेमींनी चांगला चालता धंदा बुडवला. या विषयातला हा सगळ्यांत मोठा गैरसमज आहे.

फ्लोरिडात शर्यतींवर पैज लावणं १९३१ साली कायदेशीर झालं. पुढची पन्नासेक वर्षं कायद्याने पैसे लावायला फार जागा नव्हत्या, म्हणून लोक ट्रॅकवर जात. १९८८मध्ये राज्याची लॉटरी आली. मग मूलनिवासी जमातींचे कॅसिनो आले. पैज लावणाऱ्याला कुत्र्यांची ओढ कधीच नव्हती, त्याला पैज लावायची होती. तो तिकडे वळला. ट्रॅकवाल्यांना हात द्यावा म्हणून सरकारने नव्वदीच्या दशकात त्यांना पोकरची टेबलं मांडायला परवानगी दिली, पण एका अटीवर: आधीच्या प्रमाणाच्या निदान ९० टक्के शर्यती चालू ठेवायच्या. पत्त्यांचा परवाना हवा तर कुत्री पळवा.

या अटीने सगळं उलटंपालटं झालं. पत्त्यांच्या खोलीत गर्दी, तर गॅलरी ओस. तरी ठरलेल्या वेळी पिंजऱ्यांची दारं उघडत आणि आठ कुत्री यांत्रिक सशामागे सुटत. फ्लोरिडाच्या विधिमंडळानेच स्पेक्ट्रम या संस्थेकडून २०१३मध्ये अभ्यास करून घेतला. त्यात दिसलं की २०१२ या एका वर्षात राज्यातल्या ट्रॅकना कुत्र्यांच्या शर्यतींमध्ये मिळून सुमारे साडेतीन कोटी डॉलरचा तोटा झाला होता. ही अट काढा, असं खुद्द काही ट्रॅकमालकच सरकारला विनवत होते. पैदास करणारे आणि कुत्री शिकवणारे मात्र विरोधात होते, कारण त्यांची रोजीरोटी त्या अटीवरच टिकून होती. विधिमंडळात वर्षानुवर्षं विधेयकं आली आणि पडली. शेवटी प्रश्न मतदारांपुढे गेला. मतदारांनी बंद केला तो तोट्यातला खेळ होता. तो तोटा पत्त्यांच्या कमाईतून भरला जात होता आणि त्याची खरी किंमत कुत्री मोजत होती.

वेस्ट व्हर्जिनियाची कथा याहून वेगळी नाही. २०२२ सरल्यावर अमेरिकेत जे दोनच ट्रॅक उरले, ते तिथले. कॅसिनोच्या परवान्याला शर्यतींची अट आणि वर कोट्यवधी डॉलरची मदत. २०१७मध्ये तिथल्या विधिमंडळाने ती मदत थांबवायचं ठरवलं, तर गव्हर्नर जिम जस्टिस यांनी नकाराधिकार वापरला. आयर्लंडमध्ये तर २०२४ साली घोडे आणि ग्रेहाऊंड शर्यतींसाठीच्या सरकारी निधीतून १ कोटी ९० लाख युरो ग्रेहाऊंडच्या वाट्याला गेले. ‘लोकांना हवंय म्हणून चालतंय’ असं म्हणणाऱ्याने या रकमांकडे एकदा पाहावं.

ब्रिटनमध्ये शर्यतींची सक्ती करणारा असा कायदा नाही, तिथली घसरण वेगळ्या वाटेने झाली. मँचेस्टरच्या बेल व्ह्यूला १९२६मध्ये पहिली शर्यत झाली आणि दोन दशकांत कामगारवर्गाने हा खेळ आपलासा केला. चाळीसच्या दशकात परवानाधारक ट्रॅक ७७ होते. १९६०च्या कायद्याने गल्लीगल्लीत बेटिंगची दुकानं उघडायची मुभा मिळाली आणि पैजेसाठी ट्रॅकपर्यंत जाण्याचं कारणच उरलं नाही. गॅलऱ्या रिकाम्या होत गेल्या आणि ट्रॅकखालच्या जमिनीचा भाव वाढत गेला. लंडनचा वॉल्थमस्टो २००८मध्ये बंद झाला, विम्बल्डन २०१७मध्ये. दोन्ही ठिकाणी घरं उभी राहिली. कोणतीही बंदी यायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे. आज तिथे दिवसाउजेडी होणाऱ्या बऱ्याच शर्यती प्रेक्षकांसाठी नसतातच. बेटिंगच्या दुकानातल्या पडद्यावर दर काही मिनिटांनी पैज लावायला काहीतरी हवं, म्हणून त्या धावतात.

आता कुत्र्यांकडे येऊ. ‘त्यांना पळायला आवडतं, मग यात क्रूरता कसली?’ हा प्रश्न मनापासून विचारला जातो, म्हणून त्याचं उत्तरही नीट द्यायला हवं. ग्रेहाऊंडला पळायला आवडतं, यात शंका नाही. आपल्याकडचं कारवानी कुत्रं ज्याने माळावर सशामागे सुटलेलं पाहिलंय, त्याला हे सांगायला नको: तीच लांब मान, तीच आत गेलेली कंबर, तोच बाण सुटल्यासारखा वेग. ग्रेहाऊंड तर ताशी ६५ किलोमीटरपर्यंत जातो. पण माळ मोकळा असतो आणि ट्रॅक गोल. ट्रॅकवर सहा किंवा आठ कुत्री एकाच आमिषामागे एकदम सुटतात आणि पहिल्या वळणावर सगळ्यांनाच आतली बाजू हवी असते. तिथे धडका होतात. शिवाय पळायची दिशा कायम घड्याळाच्या उलट, म्हणजे प्रत्येक वळण डावीकडचं. पूर्ण वेगात वळताना उजव्या मागच्या पायाच्या घोट्यावर भार पडतो, आणि तिथलं एक छोटं हाड मोडणं ही या कुत्र्यांची ओळखीची दुखापत आहे. बागेत मुक्त पळणाऱ्या कुत्र्यांत ती क्वचितच दिसते. सिडनीच्या तंत्रज्ञान विद्यापीठाने शर्यतीच्या नियामकांसाठीच केलेल्या अभ्यासात उपाय सुचवले ते असे: आठऐवजी सहा कुत्री पळवा आणि सरळ ट्रॅक बांधा. दोष कुत्र्यात नाही, मैदानाच्या आकारात आहे, याची याहून स्पष्ट कबुली कोणती असेल?

‘दुखापतीचं प्रमाण जेमतेम एक टक्का आहे.’ हा आकडा खोटा नाही. ब्रिटनच्या नियामक मंडळाच्या २०२४च्या आकडेवारीत ३,८०९ दुखापती नोंदल्या आहेत आणि प्रमाण १.०७ टक्के दिलं आहे. घोळ आहे तो ‘कशाच्या’ एक टक्का यात. हे प्रमाण कुत्र्यांच्या संख्येवर काढलेलं नाही, धावांवर काढलेलं आहे. एका कुत्र्याने एका शर्यतीत भाग घेतला की ती एक धाव. पण कुत्रा एकदाच धावून घरी जात नाही. समजा त्याने पन्नास शर्यती केल्या आणि प्रत्येक वेळी धोका तेवढाच धरला, तर निदान एकदा तरी दुखापत होण्याची शक्यता ४० टक्क्यांच्या आसपास जाते. यांत किरकोळ दुखापतीही आल्या, हे मान्य. पण त्याच वर्षी ट्रॅकवरच मेलेली १२३ कुत्री किरकोळात मोडत नाहीत. मंडळाने सुधारणा केली, हेही सांगायला हवं: उपचाराचा खर्च परवडत नाही म्हणून मारलेली कुत्री २०१८मध्ये १७५ होती, तो आकडा पुढे अगदी एक अंकी झाला. पण हा आकडा खाली आला तो आकडेवारी जाहीर होऊ लागल्यावर. फ्लोरिडात तर ट्रॅकवरच्या मृत्यूंची नोंद सरकारकडे देणं २०१३पर्यंत सक्तीचंच नव्हतं.

हे सारं ट्रॅकवर पोचलेल्या कुत्र्यांबद्दल झालं. जी पोचतच नाहीत, त्यांचं काय? माझ्या मते सगळ्यांत अंधारातला भाग हाच आहे, आणि ‘निवृत्त कुत्री दत्तक दिली जातात’ या वाक्यामागे तोच लपतो. दत्तक संस्था आहेत, त्यांतली माणसं जीव तोडून काम करतात. पण दत्तक जाण्याआधी जगावं लागतं. ऑस्ट्रेलियात एबीसी वाहिनीने फेब्रुवारी २०१५मध्ये जिवंत डुकराची पिल्लं आणि ससे आमिषाला बांधून कुत्री शिकवली जात असल्याचं दाखवलं. मग न्यू साउथ वेल्स सरकारने निवृत्त न्यायाधीश मायकेल मॅकह्यू यांचा चौकशी आयोग नेमला. २०१६च्या त्यांच्या अहवालानुसार, बारा वर्षांत राज्यात सुमारे ९८,००० ग्रेहाऊंड जन्माला घातले गेले आणि त्यांतले ४८,००० ते ६८,००० मारले गेले. कारण एवढंच की ते पुरेसे वेगवान नव्हते. निम्मे तरी म्हणायला हरकत नाही. मुख्यमंत्री माइक बेअर्ड यांनी जुलैमध्ये बंदी जाहीर केली आणि ऑक्टोबरमध्ये दबावाखाली मागे घेतली.

आयर्लंडमधल्या ग्रेहाऊंड शर्यती पाहणाऱ्या सरकारी संस्थेसाठी २०१७मध्ये झालेला असाच एक अहवाल दोन वर्षांनी आरटीई वाहिनीने बाहेर काढला. दरवर्षी सुमारे १६,००० पिल्लं, आणि वेग कमी पडला म्हणून मारली जाणारी सुमारे ६,०००. ब्रिटनमध्ये धावणारी बहुतेक कुत्री आयर्लंडहूनच येतात. त्यामुळे आयर्लंडच्या शेतावरच जे पिल्लू संपलं, ते ब्रिटनच्या कोणत्याच तक्त्यात दिसत नाही.

तोंडाला मुसकी असते, म्हणून कुत्रा चावरा असणार, हा आणखी एक समज. इंग्लंड-आयर्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी घरांनाही बागेत असा कुत्रा दिसला की मुलांना जवळ ओढून घ्यावंसं वाटतं. शर्यतीत धक्काबुक्की होऊन एकमेकांना इजा होऊ नये आणि निकालाच्या रेषेवर कोणाचं तोंड पुढे होतं ते ओळखू यावं, म्हणून ती मुसकी असते. घरात हा कुत्रा दिवसाचा बराच वेळ झोपून काढतो. न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरिया या राज्यांनी पाळीव ग्रेहाऊंडवरची मुसकीची सक्ती २०१९मध्ये उठवली. मांजर किंवा ससा समोरून पळाला तर मात्र त्याला आवरणं अवघड, तेवढी काळजी घ्यावी लागते.

उरला एक युक्तिवाद, तो सगळ्यांत भावनिक: शर्यती थांबल्या तर एवढ्या कुत्र्यांचं करणार काय, ती मरतीलच. न्यूझीलंडचे मंत्री विन्स्टन पीटर्स यांनी डिसेंबर २०२४मध्ये बंदी जाहीर केली, तेव्हा याच काळजीपोटी वीस महिन्यांची मुदत ठेवली. तिथे सुमारे २,९०० कुत्री होती आणि हजारेक माणसांच्या नोकऱ्या. त्या माणसांची चिंता खरी आहे, आणि ती वाहणं सरकारचं कामच आहे. कुत्र्यांचं उत्तर मात्र मकाऊने आधीच दिलं होतं. तिथला कॅनिड्रोम हा ट्रॅक दत्तक न देण्यासाठी बदनाम होता. ऑस्ट्रेलियातून आणलेली कुत्री जिंकायची थांबली की मारली जात. जुलै २०१८मध्ये तो बंद झाला तेव्हा ५३३ कुत्री मागे राहिली. मकाऊच्या अॅनिमा संस्थेने आणि तिच्या परदेशी सहकाऱ्यांनी त्या सगळ्यांसाठी घरं शोधली, हाँगकाँगपासून इटली, ब्रिटन, अमेरिकेपर्यंत. फ्लोरिडाच्या बंदीनंतर तर अमेरिकेतल्या दत्तक संस्थांकडे कुत्री कमी आणि मागणाऱ्यांची यादी लांब, अशी वेळ आली.

अशा कुत्र्यांना घरी आणणारे एक गोष्ट हमखास सांगतात. आयुष्य पिंजरा आणि ट्रॅक यांतच गेलेलं असल्याने ग्रेहाऊंडला जिना म्हणजे काय ते माहीत नसतं. तो पहिल्या पायरीशी थिजून उभा राहतो. मग घरातलं कोणीतरी मागून आधार देतं, दुसरं पुढून त्याचा एकेक पंजा उचलून पुढच्या पायरीवर ठेवतं, आणि वर पोचायला कधी कधी अर्धा तास लागतो.