विहिरीवरची गोष्ट आणि केडगावचं घर

दुपारची भांडीकुंडी आवरून, जनावरांना पाणी दाखवून तुम्ही आता जरा टेकला असाल. आज बचतीचा हिशोब नाही, कर्जाचा हप्ता नाही. आज एका प्रश्नावर बोलायचं आहे. आमच्या एका गटात तो प्रश्न निघाला आणि दोन बैठका त्यातच गेल्या.

नवऱ्यानं टाकलेली एक बाई दोन लेकरं घेऊन माहेरी परत आली. तिला गटात यायचं होतं. कुणी म्हणालं, "हप्ता कुठून भरणार ती?" कुणी दबक्या आवाजात म्हणालं, "लोक तिच्याबद्दल काय काय बोलतात. गटाचं नाव जाईल." खरं सांगते, दया सगळ्यांनाच आली होती. पण दया येणं आणि सतरंजीवर शेजारी जागा देणं, यात फार अंतर असतं. हे अंतर एका बाईनं कसं पार केलं, ते आज सांगते. त्या म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे. बाईनं संस्कृत शिकावं असं मानणारा तो माणूस. त्यांनी बायकोला शिकवलं आणि मुलीलाही. पुढे मोठा दुष्काळ पडला. आईवडील उपासमारीत गेले. रमाबाई आणि त्यांचा भाऊ पायी गावोगाव फिरले. पुढे लग्न झालं, मुलगी झाली आणि दोनच वर्षांत नवरा पटकीनं गेला. पदरात छोटी मनोरमा घेऊन ही बाई 1883 साली शिकायला इंग्लंडला पोचली.

तिथं त्या ज्या ख्रिस्ती जोगिणींकडे राहिल्या, त्यांचं एक घर लंडनमध्ये होतं. समाजानं वाईट ठरवलेल्या बायकांना तिथं आसरा मिळत असे. रमाबाईंनी ते पाहिलं आणि त्या चकित झाल्या. जिला दारात उभं करू नये असं सगळे म्हणतात, तिची सेवा या बायका प्रेमानं का करतात? त्यांनी विचारलं, तेव्हा त्यांना बायबलमधली एक गोष्ट सांगितली गेली.

ती गोष्ट विहिरीवरची आहे. येशू भर दुपारी दमून विहिरीपाशी बसला होता. एक शोमरोनी बाई एकटीच पाणी भरायला आली. येशू यहुदी. यहुदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवत नसत. शिवाय या बाईचे पाच नवरे झालेले, आणि आता जो होता तो नवराही नव्हता. येशूनं तिला आधी उपदेश केला नाही. आधी तिच्याकडे प्यायला पाणी मागितलं. मैत्रिणींनो, आपल्या गावात पाण्याचा अर्थ काय, हे तुम्हाला सांगायला नको. ज्याच्या हातचं पाणी आपण पितो, त्याला आपण आपल्यातला मानतो. ही गोष्ट रमाबाईंच्या मनात खोल गेली. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आता श्रद्धेतून काम कसं उभं राहिलं ते पाहू. 1889 साली मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन ही शाळा काढली, पुढच्या वर्षी ती पुण्याला नेली. पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक गोदूबाई. याच पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी झाल्या. वादही झाला. 1893 मध्ये, इथं मुली ख्रिस्ती होतात, म्हणून पुण्यात ओरड झाली आणि बऱ्याच घरांनी मुली काढून नेल्या. ही गोष्ट झाकून ठेवू नये. मदत घेणाऱ्याच्या मनावर ओझं असतं, म्हणून मदत करणाऱ्यानं फार जपून राहावं लागतं, मग तो कुठल्याही धर्माचा असो.

1896-97 ला मध्य प्रांतात दुष्काळ पडला. आपले आईवडील कसे गेले, ते रमाबाई विसरल्या नव्हत्या. त्या तिकडे गेल्या आणि शेकडो मुली, तरुण विधवा घेऊन आल्या. पुण्यात प्लेगची साथ होती, एवढ्या मुली शहरात ठेवता येईनात. मग दौंडजवळच्या केडगावच्या शेतात त्यांना नेलं. तेच मुक्ती सदन. 1900 च्या दुष्काळात गुजरातकडच्या मुली आल्या, आणि तिथली वस्ती पंधराशेच्या वर गेली.

एवढ्या तोंडांना नुसती दया पुरेल का? तिथं व्यवस्था होती. शारदा सदनातल्या मोठ्या मुलींनी नव्या, आजारी, हाडांचा सापळा झालेल्या मुलींना न्हाऊमाखू घालायचं काम उचललं. काल जिला आधार मिळाला, ती आज दुसरीला आधार देत होती. शाळा होती. शेती, विणकाम, दूधदुभतं, तेलाचा घाणा, छापखाना, सगळं बायकाच चालवीत. आंधळ्या मुली ब्रेल लिपी शिकत. आणि लोकांनी पतित म्हणून टाकलेल्या बायकांसाठी वेगळं घर होतं, त्याचं नाव कृपा सदन. नावातच मान होता. रमाबाई 1922 साली गेल्या. केडगावचं मुक्ती मिशन आजही चालू आहे.

तुम्ही म्हणाल, त्या पंडिता होत्या, आम्ही काय करणार? मग मिझोरमचं ऐका. तिथल्या चर्चमधल्या बायका शंभराहून अधिक वर्षं एक रीत पाळतात. रोज भात रांधायला घेताना एक मूठ तांदूळ बाजूला काढायचा. तो गोळा करून विकायचा आणि पैसा चर्चच्या कामाला द्यायचा. 1910 च्या सुमाराला हे सुरू झालं, तेव्हा घरं गरीबच होती. आपली बचत वेगळी काय आहे? मूठ छोटी असते, पण ती रोजची असते.

आता आमच्या गटाचं सांगते. तिसऱ्या बैठकीला मी हीच विहिरीची गोष्ट सांगितली. गटात ख्रिस्ती कुणी नाही. पण एक म्हातारी सदस्य म्हणाली, "मग तिलाच आज चहा करायला सांगा, आपण पिऊ." सगळ्या गप्प झाल्या. तिनं चहा केला. दोघींनी घेतला नाही, हेही सांगते. बाकीच्या प्यायल्या. मग ठराव झाला: तीन महिने तिचा हप्ता माफ नाही, पण पुढे ढकलायचा. तोवर गटाला मिळालेल्या पिशव्या शिवायच्या कामात तिला वाटा द्यायचा. गेल्या महिन्यात तिनं पहिला हप्ता भरला. त्या दोघी अजून तिच्यापासून लांबच बसतात. बघू.

तुमच्या गटाबाहेर, दाराशी उभी असलेली बाई कोण आहे? येत्या बैठकीत तिचं नाव घ्या. आधी तिच्या हातचं पाणी प्या, नियमांचं नंतर बोलू.