शेक नेमका कुणाला बसतो?

बार्शी सोलापूर जिल्ह्यात येते, पण तिथल्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलची वाट शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातल्या भूम-परंड्याच्या लोकांना चांगलीच ठाऊक आहे. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर वाढलेल्या अवस्थेत सापडला, की ऑपरेशनपेक्षा शेक, म्हणजे किरणोपचार, हाच मुख्य इलाज. आठवड्यातून पाच दिवस, रोज साधारण 2 ग्रे. ग्रे हे किरणांच्या मात्रेचं माप. बाहेरचा शेक झाला, की नळीतून आतला.

हे किरण गाठीतल्या पेशींचा डीएनए तोडतात आणि पेशी मरतात, एवढंच वर्षानुवर्षं शिकवलं गेलं. 2003 मध्ये न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग कॅन्सर केंद्रातल्या संशोधकांनी त्याला छेद दिला. त्यांनी पाहिलं ते गाठीतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराकडे. एकाच वेळी 8 ते 10 ग्रेच्या वर मात्रा दिली, की एक एन्झाइम जागं होतं, पेशीच्या आवरणात सेरामाइड नावाचा स्निग्ध पदार्थ तयार होतो आणि अस्तराच्या पेशी काही तासांतच मरू लागतात. हे एन्झाइम नसलेल्या उंदरांत गाठी झपाट्याने वाढल्या आणि किरणांना दाद देईनात. म्हणजे पिकाला हात न लावता पाटच फोडायचा, असा हा मामला.

पण पाणी तोडण्यात एक गोम आहे. किरणांनी झालेली इजा पक्की व्हायला ऑक्सिजन लागतो. तो नसेल तर तीच पेशी मारायला अडीच ते तीनपट मात्रा मोजावी लागते. थोड्या वाहिन्या मेल्या आणि पेशी नुसत्याच गुदमरल्या, तर उद्याचा शेक फुकट जाण्याची भीती. शेक सुरू करण्याआधी डॉक्टर हिमोग्लोबिन बघतात, प्रसंगी रक्त चढवतात, त्यामागेही ऑक्सिजनचाच हिशोब असतो.

त्यात 2015 मध्ये अमेरिकेतल्याच ड्यूक विद्यापीठाने वाद पुन्हा पेटवला. तिथल्या उंदरांत अस्तराच्या पेशी मुद्दाम किरणांपुढे दुबळ्या केल्या. त्या जास्त मेल्या, गाठीची वाढही लांबली, पण गाठ कायमची गेली नाही. ती गेली कॅन्सरच्या पेशी दुबळ्या केल्यावर. आजच्या घडीला ड्यूकचं पारडं जड वाटतं: रक्तवाहिनी मदतनीस असेल, मुख्य मारेकरी नव्हे. तरीही नळीतून दिलेल्या शेकात एका बैठकीला 7 ग्रेच्या आसपास मात्रा असते आणि नळीला चिकटलेल्या भागाला त्याहून कितीतरी जास्त मिळते. रोजच्या 2 ग्रेला जी वाहिनी तग धरते, ती तिथे टिकेलच असं नाही. अर्थात उंदरातला आकडा बाईला जसाच्या तसा लावता येत नाही.

गाठ लहान असताना ऑक्सिजनला मुकलेल्या पेशीही कमी असतात, म्हणून ती लवकर सापडायला हवी. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात 1999 पासून 30 ते 59 वयाच्या 1 लाख 31 हजार 746 निरोगी बायकांचा अभ्यास झाला. बार्शीचं हॉस्पिटल आणि टाटा मेमोरियल त्यात होते. एचपीव्ही, म्हणजे हा कॅन्सर घडवणारा विषाणू, याची एकदाच तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरने 34 मृत्यू झाले, तपासणी न झालेल्या गटात 64. तिशी ओलांडलेल्या बाईने अंगावरून पांढरं किंवा अवेळी रक्त जात असेल तर दुखणं अंगावर काढू नये, आणि काहीच त्रास नसला तरी एकदा तपासणी करून घ्यावी.